खोकला हटेना, तर कारण शोधा

रात्री दारातला कुत्रा भुंकू लागला, तर आपण काय करतो? बॅटरी घेऊन बाहेर येतो. कोण आले आहे ते पाहतो. कुत्र्याला काठी मारून गप्प बसवले आणि आपण पुन्हा निजलो, तर काय होईल? चोराला मोकळे रान मिळेल.

खोकल्याचेही तसेच आहे. खोकला हा स्वतः रोग नव्हे. तो छातीचा राखणदार आहे. श्वासाच्या नळीत धूळ गेली, धूर गेला, कफ साठला किंवा रोगाचे जंतू शिरले, की छाती जोराने वारा बाहेर फेकते. नको ती वस्तू बाहेर टाकण्याची ही शरीराची युक्ती आहे. म्हणून खोकला आला की घाबरू नये. पण तो हटेनासा झाला, तर नुसता त्याला गप्प बसवू नये. तो का भुंकतो आहे, ते शोधावे.

आपण मात्र उलट करतो. दुकानात जातो आणि म्हणतो, "खोकल्याची बाटली द्या." एक बाटली संपते, दुसरी आणतो. मग कोणी काढा सांगतो, कोणी अंगारा देतो. मजुरीचे पैसे जातात, महिने जातात आणि रोग आत वाढत राहतो. या धड्यात आपण खोकल्याचे कारण कसे शोधतात ते पाहू.

दोन बाजारांचा हिशेब

सर्दी-पडशाचा खोकला पुष्कळदा आपोआप बरा होतो. बहुतेकांचा दोन आठवड्यांत उतरू लागतो. काहींचा तीन आठवडेही रेंगाळतो. अशा खोकल्याला गरम पाणी, विसावा आणि थोडा धीर एवढे पुरते.

मग दवाखान्यात केव्हा जायचे? हिशेब सोपा आहे. आठवड्याचा बाजार तुमच्या ध्यानात असतो. खोकला सुरू झाल्यापासून दोन बाजार झाले आणि खोकला चालूच आहे, तर तिसऱ्या बाजाराची वाट पाहू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर बेडका तपासलाच पाहिजे, असा आपल्या देशातील क्षयरोगाच्या कामाचा नियम आहे.

काही वेळा दोन बाजारसुद्धा थांबू नये. बेडक्यात रक्त दिसले, दम लागू लागला, छातीत दुखून जोराचा ताप आला, तर त्याच दिवशी जावे. रोज संध्याकाळी ताप येतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, भूक मेली आहे, अंगावरचे कपडे सैल होत चालले आहेत, असे असेल तरीही उशीर करू नये.

चार घरांतला खोकला

समजा, एका वाडीत चार घरे आहेत. चारही घरांत कोणीतरी खोकते आहे. वाटेने जाणाऱ्याला चारही खोकले सारखेच वाटतील. पण आत डोकावून पाहू या.

पहिल्या घरात एक आजोबा आहेत. चाळीस वर्षे विडी ओढतात. सकाळी उठले की खोकून खोकून बेडका काढतात. "विडीवाल्याला खोकला असायचाच," असे ते म्हणतात. अलीकडे मात्र चढ चढताना त्यांना मध्येच बसावे लागते.

दुसऱ्या घरात पन्नाशीच्या मावशी आहेत. त्या विडी ओढत नाहीत. ताप नाही, बेडका नाही. घशात नुसते खवखवते आणि कोरडा खोकला येतो. त्यांना ब्लडप्रेशर आहे. त्यासाठी दोन-तीन महिन्यांपूर्वी एक नवी गोळी सुरू झाली आहे.

तिसऱ्या घरातला मुलगा वीस वर्षांचा आहे. दिवसा तो धडधाकट असतो. पण पहाटे खोकल्याने जागा होतो. छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. मळणीच्या धुळीत उभा राहिला की त्याचा खोकला वाढतो.

चौथ्या घरात नवी सून आहे. तिला दीड महिना खोकला आहे. संध्याकाळी अंग कढत होते. बांगड्या हातात सैल झाल्या आहेत. ती तोंडाला पदर लावून परसात जाऊन खोकते. आशाताई घरी आल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, आमच्या आत्याबाईंना सांगू नगा. त्या मला माहेरी धाडतील."

आता सांगा पाहू, या चौघांना एकच बाटली देऊन चालेल का?

शोध कसा घ्यायचा?

बैल हरवला तर आपण एकदम दहा गावे पालथी घालत नाही. आधी गोठा पाहतो, मग बांध, मग ओढा, मग शेजारचे शिवार. डॉक्टरही कारणाचा शोध असाच क्रमाने घेतात.

आधी ते विचारपूस करतात. मग छातीला नळी लावून आवाज ऐकतात. मग बेडका तपासायला पाठवतात आणि छातीचा एक्स-रे काढतात. चारही घरांतल्या माणसांना ही पायरी सारखीच. का बरे? कारण तोंड पाहून रोग ओळखता येत नाही. विडी ओढणाऱ्या आजोबांनाही क्षय असू शकतो. किंबहुना विडी ओढणाऱ्याला तो जास्त गाठतो. त्या वयात विडीमुळे छातीचा कॅन्सरही होतो. म्हणून "हा तर विडीचा खोकला" असे घरबसल्या ठरवू नये.

बेडका देण्याची रीत नीट शिकून घ्या. पुष्कळ लोक डबीत नुसती थुंकी टाकतात. थुंकी तोंडातली. बेडका छातीतला. जंतू असतात ते बेडक्यात. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. उघड्या हवेत, लोकांपासून दूर उभे राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या. मग छातीतून जोराने खोका आणि आलेला बेडका डबीत टाका. झाकण घट्ट लावा. बहुधा दोन नमुने घेतात. एक दवाखान्यात, तिथल्या तिथे. दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्याआधी.

क्षयाचा जंतू फार बारीक असतो. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. रोबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांनी तो शोधून काढला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन शहरात ही गोष्ट जाहीर केली. म्हणून २४ मार्च हा दिवस जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळतात. त्याआधी लोक क्षयाला शाप समजत किंवा घराण्याचा रोग समजत. आता बेडक्यातला जंतू ओळखणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांतले ट्रूनॅट नावाचे छोटे यंत्र गोव्यातल्या एका कंपनीने तयार केले आहे. जंतू आहे की नाही, हे ते काही तासांत सांगते. नेहमीच्या औषधांतले एक मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही, तेही त्यावर कळते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

बेडक्यात जंतू सापडला नाही, तर शोध संपला का? नाही. खोकला चालू आहे तोवर शोध चालू ठेवायचा. पुढची पायरी म्हणजे नळीत जोराने फुंकून घ्यायची छातीची तपासणी. तीही ठीक निघाली, तर डॉक्टर नाक, घसा आणि पोट यांकडे पाहतात. नाकातले पाणी घशात उतरत राहिले तरी खोकला येतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे झाले, की आंबट पाणी वर येते, छाती जळजळते आणि त्यानेही खोकला धरतो. दगडखाणीत किंवा दगड फोडायच्या यंत्रावर काम करणाऱ्यांच्या छातीत बारीक दगडाची धूळ बसते. आपले काम काय आहे, हे त्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मोठ्या वयात पाय सुजत असतील आणि आडवे झाल्यावर दम लागत असेल, तर हृदयाचीही तपासणी लागते.

कारण सापडले, आता उपाय

आजोबांच्या बेडक्यात जंतू नव्हता. एक्स-रेमध्ये गाठ नव्हती. फुंकून तपासल्यावर कळले, की विडीच्या धुराने श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. असाच रोग वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायकांनाही होतो. झालेले नुकसान सगळे भरून येत नाही. पण विडी सोडली की पुढची हानी मंदावते. औषधाने दम कमी होतो. साठीला विडी सोडली तरी फायदाच आहे.

मावशींचे कारण त्यांच्या गोळीत निघाले. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, म्हणजे एनालाप्रिल, रामीप्रिल या जातीच्या गोळ्यांनी, काही लोकांना कोरडा खोकला येतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. काही आठवड्यांत खोकला गेला. मात्र ध्यानात ठेवा, अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ब्लडप्रेशर वाढले तर झटका येईल. गोळी बदलण्याचे काम डॉक्टरांचे.

मुलाला दमा निघाला. त्याला तोंडाने ओढायचा पंप दिला. घरचे म्हणाले, "पंपाची सवय लागती म्हणं." हा गैरसमज आहे. पंपाचे औषध थेट छातीत जाते, म्हणून ते थोडे लागते. पंप ओढायची रीत दवाखान्यात पाहून घ्यावी. रोजचा पंप बरे वाटले म्हणून सोडू नये.

सुनेच्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. घरावर जणू वीज पडली. पण ही वीज नव्हे. हा बरा होणारा रोग आहे.

माहेरी धाडायचे की घरीच ठेवायचे?

एके काळी क्षय झाला की माणसाला दूर आरोग्यधामात ठेवीत. मोकळी हवा, चांगले अन्न आणि विसावा हाच उपाय होता. पण इतक्या रोग्यांना पुरतील एवढ्या खाटा देशात नव्हत्या. तेव्हा १९५६ साली त्या वेळच्या मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक मोठी परीक्षा सुरू झाली. रोग्यांचे दोन गट केले. एकाला आरोग्यधामात ठेवले. दुसऱ्याला त्याच्या घरीच औषध दिले. घरचे रोगी गरीब वस्त्यांतले होते. त्यांना जेवण कमी, जागा कमी, कामही करावे लागे. तरीसुद्धा एका वर्षाने पाहिले, तर दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच लोक बरे झाले होते. घरी राहिलेल्या रोग्यांमुळे घरच्यांना जास्त लागण झाली, असेही आढळले नाही. १९५९ साली ही माहिती छापून आली. जगाने ती मानली.

यातून आपण काय शिकायचे? क्षय बरा होतो तो घर सोडून नव्हे, तर औषध न चुकता घेऊन.

तेव्हा सुनेला माहेरी धाडायचे कारण नाही. क्षय हवेतून पसरतो. रोगी खोकला की बारीक थेंब उडतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. ताट-वाटी वेगळी ठेवून काही होत नाही. कपड्याला शिवल्याने तो लागत नाही. काय करायचे ते एवढेच: खोकताना तोंडावर फडके धरावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. इकडे-तिकडे थुंकू नये. आणि औषध लगेच सुरू करावे. योग्य औषध सुरू झाले, की थोड्याच आठवड्यांत रोग पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना रोग नाही, त्यांना तो होऊ नये म्हणूनही औषध मिळते. लहान मुलांसाठी ते फार महत्त्वाचे आहे.

साध्या क्षयाचे औषध सहा महिन्यांचे असते. गोळ्या फुकट मिळतात. सुरुवातीला लघवी लालसर होते. ती गोळीच्या रंगाने होते. ते रक्त नव्हे. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, नजर अंधूक झाली किंवा पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर लगेच दवाखान्यात सांगावे.

खरा धोका पुढेच आहे. एक-दोन महिन्यांत खोकला थांबतो. ताप जातो. वजन वाढते. मग रोगी म्हणतो, "आता मी ठणठणीत हाय. गोळ्या कशाला?" शेतकऱ्यांनो, हराळी तुम्हाला ठाऊक आहे. वरून कापली की रान स्वच्छ दिसते. पण मुळी आत असते. पहिला पाऊस पडला की पुन्हा फुटते. क्षयाचेही तसेच. औषध मध्येच सोडले तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात. त्यांच्यावर मग नेहमीची औषधे चालेनाशी होऊ शकतात. तेव्हा वेगळी औषधे घ्यावी लागतात आणि त्यांचा त्रासही जास्त होतो. म्हणून दवाखाना 'पुरे' म्हणेपर्यंत गोळी घ्यायची.

अन्नही पोटभर पाहिजे. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध, जे परवडेल ते द्यावे. क्षयाच्या रोग्याला सकस अन्नासाठी सरकार थेट बँकेत पैसे जमा करते. २०१८ साली ही योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. रोग्याची नोंद झाली की नाही आणि बँकेचा नंबर बरोबर लिहिला की नाही, हे आशाताईंना विचारून घ्या.

सासूबाईंनी हे सगळे ऐकले आणि त्या म्हणाल्या, "मग गोळी मीच देत जाईन रोज माझ्या हातानं." असे घर मिळाले, की अर्धा रोग तिथेच बरा होतो.

लहान मुलांची काळजी

लहान मुलांना खोकल्याची बाटली आपल्या मनाने पाजू नका. २०२५ साली मध्य प्रदेशात, नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधात विषारी द्रव्य मिसळलेले निघाले. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे सिरप देऊच नये, असे सरकारने त्या वेळी पुन्हा बजावले. एक वर्षावरील मुलाला थोडा मध चालतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवू नये.

मूल भराभर श्वास घेत असेल, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडत असेल, अंगावर पीत नसेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. धडधाकट मुलाला खेळता-खेळता एकदम खोकल्याची ढास लागली, तर शेंगदाणा किंवा मणी श्वासाच्या नळीत गेला असेल. तोही औषधाने निघत नाही. डॉक्टरांनाच काढावा लागतो.

आपली अक्षरे कामाला लावा

दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टर विचारतात आणि आपल्याला आठवत नाही. "लई दिवस झाले," एवढेच आपण सांगतो. आता तुम्हाला लिहिता येते. तेव्हा जाण्याआधी एका कागदावर सात ओळी लिहा:

१. खोकला केव्हा सुरू झाला? तारीख किंवा सण लिहा.
२. खोकला कोरडा आहे की बेडका पडतो? त्यात रक्त आहे का?
३. केव्हा वाढतो? रात्री, पहाटे, जेवल्यावर की कामावर?
४. ताप, घाम, दम आहे का? वजन घटले का?
५. विडी, चुलीचा धूर, दगडाची धूळ, यांतले काय आहे?
६. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? पाकिटे सोबत घ्या.
७. घरात किंवा शेजारी कोणाला क्षय झाला होता का?

हा कागद डॉक्टरांच्या हाती द्या. आणि खोकल्याचे औषध मागण्याआधी एक प्रश्न विचारा: "डॉक्टरसाहेब, हा खोकला कशाने आहे?"

ध्यानात ठेवा

खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, तर बेडका तपासा.
थुंकी नको, छातीतला बेडका द्या.
एक तपासणी ठीक आली तरी खोकला असेतो शोध सोडू नका.
क्षय बरा होतो. औषध पुरे करा. रोग्याला घरातून काढू नका.

प्रश्न

१. खोकल्याला राखणदार का म्हटले आहे?
२. आजोबांचा बेडका का तपासला?
३. मावशींच्या खोकल्याचे कारण काय निघाले?
४. मद्रासच्या परीक्षेतून काय कळले?
५. बरे वाटू लागल्यावरही क्षयाची गोळी का सोडू नये?
६. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी दोन आठवडे खोकत आहे का? त्यांच्याजवळ बसून वरच्या सात ओळी आजच लिहून काढा.